प्रसिद्ध खेळाडू समाजकार्य करून किंवा आवाज उठवून चांगल्या नागरिकाचं उदाहरण कसं घालून देऊ शकतो?

हा प्रश्न वाचून गप्प बसवेना, कारण माझं आणि माझ्या दादाचं गेली कित्येक वर्षं यावरूनच वाजतंय. त्याचं म्हणणं, खेळाडूने खेळावं, पैसा आला की थोडं दान करावं, बाकी कशात तोंड घालू नये. मला हे अजिबात पटत नाही.

मी व्हॉलीबॉल खेळायचे, टीमची कॅप्टन होते. आमच्या चेंजिंग रूमच्या दाराला आतून कडी नव्हती, त्यामुळे एकीने दाराला पाठ लावून उभं राहायचं आणि बाकीच्यांनी भराभर कपडे बदलायचे, मग ती पाठ लावणारी सगळ्यात शेवटी मैदानात येणार आणि उशीर केला म्हणून बोलणीही तिलाच. एका वर्षी स्पर्धा जिंकलो, तेव्हा एका देणगीदाराने सगळ्यांना नव्याकोऱ्या किटबॅगा दिल्या, स्टेजवर फोटो वगैरे झाले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी आभार मानले आणि माईकवरच सांगून टाकलं, बॅगा छान आहेत पण आम्हाला दाराला कडी हवीये. सगळे एकदम चिडीचूप. नंतर कोच म्हणाले, "खेळायला आलीयेस की पुढारी व्हायला?" पुढच्या सीझनला कॅप्टनपद गेलं, अर्ध्या मॅचेस बेंचवर काढल्या. कडी महिन्याभरात लागली. घरी दादा म्हणाला, मिळालं ते गुपचूप घ्यायचं ना, आणि हे तो आजही ऐकवतो.

म्हणून मला इंग्लंडचा फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड फार जवळचा वाटतो. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा मुलांना जेवण मिळावं म्हणून त्याने आधी फेअरशेअर या संस्थेसाठी पैसे उभे केले. दादाच्या हिशेबाने इथेच थांबायला हवं होतं. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत सरकार गरीब मुलांची जेवणाची व्हाउचर्स बंद करणार म्हटल्यावर त्याने खासदारांना खुलं पत्र लिहिलं, लहानपणी आपणही शाळेतल्या फुकट जेवणावर होतो हे त्यात सरळ सांगितलं, आणि दुसऱ्याच दिवशी सरकारने निर्णय फिरवला. इंग्लंडमधल्या जवळपास 13 लाख मुलांचा प्रश्न होता आणि हा तेव्हा 22 वर्षांचा. एवढ्या मुलांना सुट्टीभर कुठला खेळाडू स्वतःच्या खिशातून जेवू घालणार?

अमेरिकन बॉक्सर मोहम्मद अलीने तर 1967 ला व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला नकार दिला, शिक्षा झाली, किताब गेला, ऐन पंचविशीत तीन वर्षांहून जास्त रिंगबाहेर. 1971 ला सुप्रीम कोर्टाने शिक्षा रद्द केली, पण ती वर्षं परत कोण देणार?

दान कमी दर्जाचं असं मी म्हणत नाहीये. बेसबॉलचा रॉबेर्तो क्लेमेन्ते निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांकडे मदत नीट पोचत नाही कळल्यावर 31 डिसेंबर 1972 ला सामानासोबत स्वतः विमानात बसला. विमान समुद्रात पडलं, तो गेला.

हां, ज्याचं घर खेळाच्या पैशावरच चालतं त्याने अलीसारखी जोखीम घ्यावी असा माझा हट्ट नाही. आणि बोलायचं तर ज्याची झळ स्वतः सोसलीये किंवा जे नीट माहितीये त्यावरच बोलावं.

दादा, तू हे वाचशीलच. त्या कडीसाठी परत बेंचवर बसायची वेळ आली तरी मी बसेन.