अमेरिकेत युनिव्हर्सिटी काउन्सेलिंग सेंटरमधली पोस्टडॉक: घ्यावी की थेट नोकरी पकडावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काउन्सेलिंग सायकॉलॉजीतल्या पीएचडीची इंटर्नशिप उन्हाळ्यात संपतेय, एका युनिव्हर्सिटी काउन्सेलिंग सेंटरमध्ये (विद्यार्थ्यांच्या समुपदेशन केंद्रात) पोस्टडॉक, म्हणजे डॉक्टरेटनंतरचं प्रशिक्षणाचं वर्ष, मिळण्याची शक्यता आहे, दुसरीकडे स्टाफ सायकॉलॉजिस्टच्या जागाही निघाल्या आहेत. मग पोस्टडॉकमध्ये नेमकं करतात काय, ती घ्यावी का, आणि एफ-वन या विद्यार्थी-व्हिसाचं काय? मी अशी पोस्टडॉक केलेली आहे आणि आता एका सेंटरमध्ये पोस्टडॉकवाल्यांना सुपरव्हिजन देते, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहिते.

घरी ‘पोस्टडॉक’ म्हटलं की सगळ्यांना प्रयोगशाळा आणि शोधनिबंध दिसतात. इथे त्यातलं काही नाही. हे वर्ष मुख्यतः लायसन्ससाठी लागणारे तास भरण्याचं आहे. डॉक्टरेट झाली, इंटर्नशिप झाली, तरी तुम्ही अजून स्वतंत्रपणे प्रॅक्टिस करू शकत नाही. गाडीला ‘एल’ची पाटी लावून शेजारी कुणीतरी बसलेलं असतं, तसं हे वर्ष. तुमच्या प्रत्येक नोटवर सुपरवायझरची सही होते आणि एखाद्या क्लायंटच्या बाबतीत काही बिघडलं तर कायद्याने जबाबदारी त्यांच्यावरही येते. पोस्टडॉक निवडताना युनिव्हर्सिटीच्या नावापेक्षा ही सही कोण करणार आहे ते बघा. माझं उत्तर खरं तर एवढंच आहे, बाकीचा तपशील.

लायसन्स राज्य देतं, केंद्र नाही, आणि प्रत्येक राज्याचा हिशेब वेगळा. कॅलिफोर्नियात एकूण ३००० तास लागतात आणि त्यातले किमान १५०० डॉक्टरेटनंतरचे असावे लागतात. वॉशिंग्टनसारख्या राज्यात मात्र पदवीच्या आधीचे तास पुरेसे असतील तर पोस्टडॉक लागतच नाही. याचं मूळ २००६ मध्ये आहे. त्या वर्षी एपीएने (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने) भूमिका घेतली की दोन वर्षांचं सुपरव्हिजनखालचं प्रशिक्षण पदवीच्या आधी पूर्ण झालं तरी चालावं. काही राज्यांनी नियम बदलले, बऱ्याच राज्यांनी नाही. म्हणून आधी पुढे कुठे राहायचं ते ठरवा, मग त्या राज्याच्या बोर्डाचे नियम स्वतः वाचा. सीनियर्सच्या सांगण्यावर जाऊ नका. ते त्यांच्या वेळचे नियम सांगतात. आणखी एक: साधारणपणे पदवीच्या सगळ्या अटी पूर्ण झाल्यावरच हे तास मोजले जातात. प्रबंधाचा डिफेन्स राहिलेला असताना ऑगस्टमध्ये रुजू झालात, तर काम पूर्ण कराल आणि तास शून्य.

आता काम. ते शैक्षणिक वर्षाच्या तालावर चालतं. सप्टेंबर त्यातल्या त्यात निवांत, ऑक्टोबरपासून मिडटर्म्स सुरू झाल्या की वेटिंग लिस्ट वाढायला लागते, फायनल्सच्या आठवड्यात तातडीच्या भेटींची रांग, आणि मे संपला की कॅम्पस ओस. काही सेंटर्समध्ये पोस्टडॉक दहा महिन्यांचीच असते. तुमच्या राज्याला २००० तास हवे असतील तर हे गणित आधीच करून ठेवा. आठवड्याचा साधारण अर्धा वेळ क्लायंट्ससोबत जातो: वैयक्तिक सेशन्स, इनटेक (नव्या क्लायंटची पहिली भेट), ग्रुप थेरपी, ‘आज भेटायचंच आहे’ म्हणून आलेले विद्यार्थी. उरलेल्यात नोट्स, मीटिंगा, सुपरव्हिजन, वसतिगृहांत आणि विभागांत जाऊन केलेले आउटरीचचे कार्यक्रम. बऱ्याच ठिकाणी पोस्टडॉकला एखाद्या प्रॅक्टिकम विद्यार्थ्याला (इंटर्नशिपच्या आधीच्या टप्प्यावर क्लायंट बघायला शिकणाऱ्याला) सुपरव्हिजन द्यायला मिळतं, अर्थात त्या सुपरव्हिजनवरही वरून सुपरव्हिजन. मला त्या वर्षातला सगळ्यात उपयोगी भाग हाच वाटला.

क्लिनिकल बाजूने सगळ्यात कठीण काय, तर लोकांना नाही म्हणणं. सेंटर्सच्या मान्यतेचं काम पाहणारी आयएसीएस ही संस्था दर १००० ते १५०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ व्यावसायिक असावा असं सुचवते. मोठ्या सरकारी युनिव्हर्सिट्यांत हे साधणं अवघड जातं. मग सेशन्सवर मर्यादा येते, पंधरा दिवसांतून एकदा भेट होते, बाहेरच्या थेरपिस्टकडे पाठवलं जातं. इंटर्नशिपमध्ये हे निर्णय बहुतेक वेळा दुसरं कुणीतरी घेतं. पोस्टडॉकमध्ये इनटेकच्या खुर्चीत तुम्ही असता. ब्रेकअपनंतर झोप उडालेली मुलगी सहा सेशन्समध्ये सावरेल. पण तीन वर्षं खाण्याच्या विकाराशी झगडणाऱ्या मुलीला सेंटरमध्ये ठेवून घेणं म्हणजे तिला अपुरे उपचार देणं, आणि हे तिला तोंडावर, ती दुखावणार नाही अशा बेताने सांगावं लागतं. तिच्या विम्यात काय बसतं, जवळ कोण आहे, पहिली भेट होईपर्यंत तिला कोण सांभाळणार, हेही तुम्हीच बघायचं. हे कुठल्याही कोर्समध्ये शिकवत नाहीत. शिवाय वय लक्षात घ्या. सायकोसिस आणि बायपोलर आजाराची पहिली लक्षणं बऱ्याचदा याच वयात दिसतात. ‘अभ्यासात लक्ष लागत नाही’ म्हणून आलेला मुलगा दोन रात्री झोपला नाही आणि तरीही ताजातवाना वाटतोय, हे नेमकं टिपता आलं पाहिजे.

आत्महत्येच्या जोखमीचं मूल्यांकन हे तर रोजचंच. प्रश्नावल्या हाताशी असतात. आत्महत्येच्या विचारांबद्दल विचारणारं कोलंबिया स्केल आहे, विद्यार्थ्यांची एकूण लक्षणं मोजणारी सीसीएपीएस आहे, त्यांची सवय महिन्याभरात होते. पण प्रश्नावलीने निर्णय होत नाही. विद्यार्थ्याला आज खोलीवर जाऊ द्यायचं की हॉस्पिटलला पाठवायचं, हे ठरवताना बाहेर येऊन सुपरवायझरचं दार ठोठावता येतं का, हा प्रश्न मुलाखतीत नक्की विचारा. शुक्रवारी साडेचारला ते दार उघडं असतं का, हेही.

कायद्याची बाजू पुस्तकात वाचलीच असेल, तरी एक आठवण करून देते. दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर थेरपिस्टने काय करावं याचा सगळ्यात गाजलेला खटला, तारासॉफ, एका युनिव्हर्सिटीच्या मानसोपचार सेवेतूनच निघाला. बर्कलीत शिकणाऱ्या एका भारतीय विद्यार्थ्याने तिथल्या सायकॉलॉजिस्टला एका मुलीला मारण्याचा आपला इरादा सांगितला होता. कॅम्पस पोलिसांनी त्याला ताब्यात घेऊन सोडून दिलं आणि ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याने त्या मुलीचा खून केला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने थेरपिस्टवर संभाव्य बळीचं संरक्षण करण्याची जबाबदारी टाकली. टेक्साससारख्या राज्याने मात्र ती मानली नाही. राज्य बदललं की हेही बदलतं.

आपल्यासारख्यांच्या वाट्याला येणारी एक गोष्ट वेगळी सांगते. भारतीय नावाची सायकॉलॉजिस्ट सेंटरमध्ये आली की भारतीय विद्यार्थी तुमच्याकडे वळवले जातात आणि हळूहळू त्यांचे पालकही फोन करू लागतात. ‘मी त्याची आई आहे, तो तुमच्याकडे येतो का एवढंच सांगा.’ तेवढंही सांगता येत नाही. मुलगा सज्ञान आहे, त्याने लेखी संमती दिलेली नसेल तर तो येतो की नाही हेसुद्धा गोपनीय. तुम्ही ऐकून घेऊ शकता, काळजी वाटत असेल तर कुणाला कळवायचं ते सांगू शकता, बस्. मराठीत हे बोलताना जीभ जास्त अडखळते, कारण समोरची बाई तुम्हाला ‘अगं’ म्हणत असते. आणि सेंटरमधल्या प्रत्येक देशी विद्यार्थ्याची जबाबदारी एकट्या तुमच्यावर येत असेल तर सुपरव्हिजनमध्ये तो विषय काढा. तुमच्या प्रशिक्षणाचं वर्ष त्यात संपून जायला नको.

मग पोस्टडॉक की नोकरी? बऱ्याच सेंटर्सच्या स्टाफच्या जाहिरातीत लायसन्स ‘मिळण्यास पात्र’ असलेला उमेदवार चालतो, ठरावीक मुदतीत लायसन्स घ्यायच्या अटीवर. अशी जागा मिळत असेल आणि तुमच्या बोर्डाला हवं तितकं सुपरव्हिजन ते लेखी देत असतील, तर मी सरळ नोकरी घेईन. पगार बऱ्यापैकी जास्त, तास तेच, आणि वर्षभराने पुन्हा सामान हलवणं नाही. पण स्टाफ म्हटलं की केसलोड पूर्ण मिळतं आणि सुपरव्हिजन हीच पहिली कात्री लागणारी गोष्ट असते. एपीपीआयसी या पोस्टडॉक आणि इंटर्नशिप देणाऱ्या केंद्रांच्या संघटनेच्या सदस्य पोस्टडॉकमध्ये आठवड्याला किमान दोन तास वैयक्तिक सुपरव्हिजन बंधनकारक आहे. डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी), ग्रुप किंवा ट्रेनिंगच्या कामात पुढे जायचं असेल, किंवा इंटर्नशिप हॉस्पिटलमध्ये झाली असेल आणि कॅम्पसचा अनुभव कमी असेल, तर पोस्टडॉकच बरी. ईपीपीपी या लायसन्सच्या परीक्षेसाठी अभ्यासाचा वेळ देतात का तेही विचारा. सध्या २२५ प्रश्न, सव्वाचार तास, आणि पास व्हायला बहुतेक ठिकाणी ५०० स्केल्ड गुण लागतात. दिवसाला सहा क्लायंट बघून रात्री त्याचा अभ्यास होत नाही.

व्हिसाचं सगळ्यात निकडीचं. तुमची इंटर्नशिप सीपीटीवर (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) असेल तर तारखा आजच तपासा. पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून जास्त झाली की त्याच पातळीच्या पदवीवर ओपीटी (पदवीनंतर काम करण्याची परवानगी) मिळत नाही, आणि ओपीटी नाही तर पोस्टडॉकही अडकते. इंटर्नशिप बरोबर वर्षाची असते, त्यामुळे एक दिवससुद्धा महत्त्वाचा. ओपीटी मिळाली तर ती १२ महिन्यांची, म्हणजे वर्ष पुरतं, पण उशिरा रुजू व्हायला जागा राहत नाही. पुढे नोकरीसाठी एच-वन-बी हा नोकरीचा व्हिसा लागेल. युनिव्हर्सिट्यांना त्यातल्या वार्षिक कोट्याची मर्यादा लागू नाही, म्हणून सेंटरला स्पॉन्सर करता येतं. मात्र करतील की नाही हे ऑफर स्वीकारण्याआधी एचआरकडून ईमेलवर घ्या. ट्रेनिंग डायरेक्टर मनापासून ‘हो, बघू’ म्हणतात, पण तो निर्णय त्यांच्या हातात नसतो.