बोका सारखा ट्रेमध्ये बसतोय, लघवी होत नाहीये. सोमवारपर्यंत थांबू का?

चार वर्षांचा, नसबंदी झालेला बोका. कालपासून दर दहा मिनिटांनी ट्रेमध्ये जाऊन बसतोय, मधेच ओरडतोय, सोफ्यावर दोन-तीन गुलाबीसर थेंब सापडलेत. दवाखान्यात फोन केला तर काउंटरवरून उत्तर आलं, 'बद्धकोष्ठ असेल, सोमवारी आणा.' तुमच्या प्रश्नातलं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच उत्तर आमच्याही वाट्याला आलं होतं. पुढचं सगळं महागात पडलं ते आजारामुळे कमी आणि त्या उत्तरावर विसंबून घालवलेल्या रात्रीमुळे जास्त.

थांबू नका. आत्ता जे कुठलं क्लिनिक उघडं असेल तिथे न्या. उरलेलं उत्तर तिथे नंबर लागेपर्यंत बसून वाचा.

(मी व्हेट नाही. खाली लिहिलंय ते डॉक्टरांऐवजी नाही, डॉक्टरांपर्यंत वेळेत पोचण्यासाठी आहे.)

मांजरीला असा त्रास झाला तर एखादा दिवस चालून जातो, बोक्याचा चालत नाही. बोक्याचा मूत्रमार्ग लांब असतो आणि टोकाकडे फारच अरुंद होत जातो. तिथे चिकट स्राव आणि क्रिस्टल (लघवीतल्या क्षारांचे बारीक स्फटिक) मिळून बूच बसतं, कधी बारीक खडा अडकतो, कधी नुसती सूज आणि मार्ग आवळला जाणं पुरतं. वाट बंद झाली तरी किडनी लघवी तयार करतच राहते. मूत्राशय ताणलं जातं, दाब उलटा किडनीवर येतो, रक्तातलं पोटॅशियम चढतं. पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके मंदावतात आणि बोका त्यानेच जातो. पूर्ण अडकलेला बोका एक-दोन दिवसांत विषबाधा झाल्यासारखा दिसायला लागतो: उलट्या, अंग थंड, कोपऱ्यात निपचित. दोन-तीन दिवसांतही जीव जाऊ शकतो. सोमवार किती लांब आहे ते तुम्हीच मोजा.

आता बद्धकोष्ठाबद्दल, कारण सगळा घोळ इथेच होतो. शी होत नसलेलं मांजरही ट्रेमध्ये बसून कुंथतं आणि लघवी अडलेलंही कुंथतं. पाठ किती वाकवली यावरून फरक कळतो म्हणतात, पण घाबरलेल्या मालकाला तो कळेल यावर माझा विश्वास नाही आणि फोनवरच्या माणसाला तर मुळीच नाही. डॉक्टर पोटाला हात लावून तो क्षणात ओळखतात. अडलेलं मूत्राशय लहान मोसंबीएवढं, टणक आणि दुखरं लागतं. तुम्ही मात्र ते चाचपायला किंवा दाबून मोकळं करायला जाऊ नका, फुटू शकतं. बद्धकोष्ठ समजून रेचक पाजण्यात तर दुहेरी नुकसान आहे: उपयोग शून्य, आणि 'औषध दिलंय, बघू सकाळपर्यंत' म्हणून वेळ जातो तो वेगळाच.

दुसरी फसवी गोष्ट म्हणजे ते थेंब. थेंब आले म्हणजे मार्ग मोकळा आहे, असं नाही. भरलेल्या मूत्राशयातून दाबामुळे रक्ताळलेले थेंब झिरपतात आणि मूत्राशय तरीही तुडुंब असतं. खरी लघवी म्हणजे ट्रेमधल्या लिटरमध्ये (ओली झाली की गोळा होणारी वाळू) नेहमीच्या आकाराचा गोळा. तो दिसला नसेल तर लघवी झाली नाही असंच धरा.

फोन कसा करायचा, हे कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर. 'लघवीचा त्रास आहे' किंवा 'ट्रेबाहेर करतोय' म्हणालात की काउंटरवर तुमची रवानगी 'वागणुकीची तक्रार' या खात्यात होते आणि पुढच्या आठवड्यातली वेळ मिळते. त्याऐवजी असं म्हणा: 'नर बोका आहे, सारखा कुंथतोय, अमुक वाजल्यापासून लघवीचा गोळा नाही, ब्लॉकेज वाटतंय. आत्ता आणतोय. कॅथेटर (मूत्रमार्गात घालायची नळी) घालायची आणि रात्री ठेवून घ्यायची सोय आहे का?' हा शेवटचा प्रश्न मुद्दाम विचारायचा. सोय नसेल तर ते कळण्यासाठी तिथपर्यंत जाऊन वेळ घालवायचा नाही. तरीही 'उद्या बघू' म्हणाले तर वाद घालत बसू नका, दुसरीकडे न्या. मांजराला हात न लावता फोनवरून निदान करणाऱ्या काउंटरबद्दल मला आणखी बरंच बोलायचंय, पण ते असो.

निघताना सोबत ठेवायचं: तो कुंथतानाचा मोबाईलवरचा व्हिडिओ, शेवटची नीट लघवी कधी झाली ती वेळ, शेवटचं खाणं कधी (भूल द्यावी लागते म्हणून), आणि काही औषध दिलं असेल तर त्याचं नाव. लाजून लपवू नका. पिंजऱ्यात टॉवेल अंथरा. सिरिंजने पाणी पाजू नका. बाहेर पडायची वाट बंद असताना आत पाणी वाढवून दाबच वाढणार. लघवी वाढवणारी औषधं आणि काढे याच कारणासाठी नकोत. आणि वेदना बघवत नाहीत म्हणून माणसांची गोळी अजिबात नाही. पॅरासिटामॉल मोडायची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नसतेच, त्यातून लाल पेशींची नासाडी होते, एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनही तसंच वाईट.

तिथे काय होतं ते ढोबळ माहीत असू द्या. रक्त तपासून पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनी किती काम करतेय ते यावरून कळतं) बघतात, सलाईन लावतात, पोटॅशियम फार असेल तर हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन देतात, मग भूल देऊन कॅथेटर घालून बूच मागे ढकलतात आणि मूत्राशय धुऊन काढतात. कॅथेटर साधारण एक ते तीन दिवस ठेवतात. पहिल्या दिवशीचं क्रिएटिनिन बघून 'किडनी गेली' असा निष्कर्ष काढू नका, अडथळा निघाल्यावर ते बहुतेक वेळा उतरतं. अडथळा सुटल्यावर मात्र लघवीचा लोंढा येतो, म्हणून सलाईन तितकंच जोरात चालू ठेवावं लागतं. कॅथेटर घालून लगेच घरी पाठवणाऱ्या ठिकाणी म्हणूनच मी प्रश्न विचारेन. घरी आणण्याआधी दोन गोष्टींचा आग्रह धरा: कॅथेटर काढल्यावर त्याने तिथेच, त्यांच्या डोळ्यांसमोर निदान एकदा नीट लघवी केलेली असावी, आणि एक्स-रे किंवा सोनोग्राफी झालेली असावी, नाहीतर आत खडा शिल्लक आहे की नाही हे कळणारच नाही.

बरेच जण घरी आणल्यावर गाफील होतात. परत अडण्याचा धोका पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त. चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर काढू नका, चाटून सूज वाढते. गोळा होणारं, वास नसलेलं लिटर वापरा आणि सकाळ-संध्याकाळ गोळे मोजा. नेहमीच्या बोक्याचे दिवसाला दोन ते चार गोळे होतात. गोळ्यांची संख्या वाढली आणि आकार सुपारीएवढा झाला, तर ती पहिली सूचना. घरात दुसरं मांजर असेल तर आठवडाभर याची खोली आणि ट्रे वेगळा ठेवा, नाहीतर कुणाचा गोळा कुणाचा काही कळत नाही.

आता कारण. 'इन्फेक्शन असेल' म्हणून अँटिबायोटिक लिहून देणं सर्रास चालतं, पण तरुण मांजरांत जंतुसंसर्ग फार कमी वेळा सापडतो. दहा वर्षांपुढच्या, किडनीच्या किंवा मधुमेहाच्या मांजरांत तो जास्त असतो. त्यामुळे लघवीचं कल्चर (तिच्यात जंतू वाढतात का ही तपासणी) केल्याशिवाय अँटिबायोटिकचा कोर्स कशासाठी, हे नम्रपणे विचारायला हरकत नाही. तरुण बोक्यांत बहुतेक वेळा मूत्राशयाला आलेली सूज निघते, जिचं नेमकं कारण सापडत नाही आणि जी ताणाने उसळते. ही सूज, मार्ग अडला नसेल तर, साधारण आठवड्याभरात आपोआप उतरते. म्हणूनच इंटरनेटवर प्रत्येकाचा रामबाण उपाय वेगळा असतो: पाचव्या दिवशी जे पाजलं त्याला श्रेय मिळालं, एवढंच. मादी मांजर असलेल्यांचे असे अनुभव बोक्याला लावू नका.

रिपोर्टमध्ये 'क्रिस्टल' दिसले की लगेच घाबरू नका. नमुना फ्रिजमध्ये ठेवला किंवा बराच वेळ पडून राहिला तर भांड्यातच क्रिस्टल तयार होतात, आणि धडधाकट मांजरांतही ते थोडेफार असतात. तासाभराच्या आत तपासलेला नमुना होता का, हे विचारा. खडा असेल तर तो कसला, यावर पुढचं ठरतं. स्ट्रुवाइट खास खाण्याने काही आठवड्यांत विरघळतो, कॅल्शियम ऑक्झलेट विरघळत नाही, तो काढावाच लागतो. त्यामुळे पाकिटावर 'युरिनरी' छापलंय म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करू नका. डॉक्टरांनी दिलं तर मात्र फक्त तेच द्या. वर 'एवढंसं' नेहमीचं खाणं दिलं की त्याचा अर्थच जातो.

माझ्या मते औषधांपेक्षा जास्त काम पाणी करतं. चार किलोच्या बोक्याला खाण्यातलं धरून दिवसाला 200 मिलीच्या आसपास पाणी लागतं. 60 ग्रॅम कोरड्या खाण्यातून त्याला जेमतेम 5-6 मिली मिळतं. 200 ग्रॅम ओल्या खाण्यातून सुमारे 150. वाटीतून ही तूट भरून काढणारी मांजरं कमीच, तहान लागण्याच्या बाबतीत ही जात आळशी आहे. तेव्हा सात-दहा दिवसांत हळूहळू ओल्या खाण्याकडे वळवा, त्यातही दोन-तीन चमचे पाणी कालवा. पुढच्या तपासणीत लघवीची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (लघवी किती दाट आहे त्याचं माप) 1.035 च्या खाली आली का बघा, पाणी पुरतंय की नाही त्यावरून कळतं. बोका जाडा असेल तर वजन हळूहळू उतरवा, उपाशी ठेवून नको. जाडं मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही की यकृतावर चरबी चढते.

ट्रेचं थोडक्यात: जितकी मांजरं त्याहून एक जास्त, वेगवेगळ्या जागी. शेजारी शेजारी ठेवलेले दोन ट्रे त्याच्या लेखी एकच. लांबी बोक्याच्या दीडपट, लिटर 3-4 सेंटिमीटर, झाकण नसलेलं बरं. घरात अलीकडे काय बदललं तेही आठवून बघा: नवं मांजर, बाळ, पाहुणे, हलवलेलं फर्निचर. लपायला जागा, उंचावर बसायला फळी, रोज थोडा खेळ. ट्रेबाहेर केलं म्हणून ओरडणं, त्यात त्याचं नाक घासणं वगैरे प्रकार करू नका; दुखतंय म्हणून तो तिथे करतोय, राग काढायला नाही.

वारंवार अडत राहिला तर मूत्रमार्गाचा अरुंद भाग काढून तोंड रुंद करायची शस्त्रक्रिया असते. त्याने अडणं बरंच थांबतं, मूळची सूज थांबत नाही, आणि जंतुसंसर्गाची शक्यता वाढते. पहिल्याच वेळी कुणी सुचवली तर दुसरं मत घ्या.

सोफ्यासाठी: अमोनिया असलेलं क्लीनर वापरू नका, त्याला तो लघवीचाच वास वाटतो. एन्झाइमवालं घ्या, नुसतं पुसू नका. लघवी जितकी खोल गेली तितकं आतवर भिजवा, पाकिटावर लिहिलंय तेवढा वेळ ओलं राहू द्या, मग टिपून घ्या. गादीला बहुधा दोनदा करावं लागतं.