पुण्यातल्या लहान कॅथॉलिक प्राथमिक शाळेत मुलीला घालावं का?

तुम्ही विचारलंय की कॅम्प किंवा नाना पेठेच्या बाजूच्या एखाद्या लहान कॅथॉलिक प्राथमिक शाळेत मुलीला पहिलीला घालावं का, तिथे धर्म लादतात का, आणि ‘ब्रिटिशांनी काढलेल्या या शाळांचे संस्कार’ आपल्या घरात चालतील का. त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले आहे.

ब्रिटिशांचं काय त्यात? क्वार्टर गेटजवळचं आमचं सिटी चर्च १७९२ चं. जागा दिली ती पेशव्यांनी, सवाई माधवरावांच्या काळात, कारण त्यांच्या फौजेत गोव्याकडचे कॅथॉलिक लोक होते. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं १८१७ ला. १८६० मध्ये कॅम्पात मुलींची शाळा काढणाऱ्या जीझस अँड मेरीच्या सिस्टरांचा संघ फ्रान्सच्या ल्यों शहरातला, राज्यक्रांतीत घरदार गेलेल्या पोरींना जवळ करण्यातून उभा राहिलेला. आणि नगर जिल्ह्यात आमच्या खापरपणजोबांना अक्षर गिरवायला लावलं ते जेझुइट या कॅथॉलिक संघाच्या जर्मन फादरांनी. पहिल्या महायुद्धात त्या जर्मन फादरांना इंग्रज सरकारनंच नजरकैदेत टाकलं. तेव्हा ‘ब्रिटिशांचे’ हा शब्द मला लागतो. लहानपणी वाड्यात तो रोज ऐकलाय.

आता शाळेचं. माझी आई धर्मग्रामाच्या, म्हणजे एका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती वस्तीच्या, मराठी प्राथमिक शाळेत शिकवायची. पहिली ते चौथी, चार खोल्या, पत्र्याचं छप्पर, मागे देऊळ. (चर्चला आम्ही नगरकडचे लोक देऊळच म्हणतो.) मीही तिथेच शिकले. निम्मी मुलं ख्रिस्ती, बाकी मातंग, बौद्ध, मुसलमान, भाजीवाल्यांची, हमालांची. १९८४ साली मी तिसरीत होते तेव्हा आमच्या वर्गातल्या अकरा जणांची जन्मतारीख १ जून होती. का, ते तुम्हाला माहीत असेलच. दाखला नसलेल्या पोराला दाखल करून घेताना गुरुजी तीच तारीख टाकायचे.

आमच्याकडे वाढदिवसाला मूल प्रार्थनेच्या वेळी पुढे यायचं, सगळे टाळ्या वाजवायचे आणि सिस्टर त्याच्या हातावर एक लाडू ठेवायच्या. १ जूनला शाळेला सुट्टी. त्यामुळे या अकरा जणांना कधी टाळ्या नाहीत, कधी लाडू नाही. एकदा एका मुलीनं माझ्या आईला विचारलं, “बाई, मी सुट्टीतच का जन्मले?” आईनं ते मुख्याध्यापिका सिस्टरांना सांगितलं. सिस्टर दोन दिवस काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ८ सप्टेंबर. त्या दिवशी मरियामातेचा जन्मदिवस असतो, आमच्या मतमाउलीचा. ज्यांची तारीख कुणालाच ठाऊक नाही त्यांचा वाढदिवस तिच्याबरोबर.

यावर एका मुलाचे वडील चिडून आले. आमच्या पोराला तुमच्या देवाच्या दिवशी का उभं करता, म्हणाले. तुमचाच प्रश्न. सिस्टरांनी वाद घातला नाही. त्यांना बसवून घेतलं आणि विचारलं, “हा कधी झाला, तुम्हाला काही आठवतं का?” ते गृहस्थ बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, पाऊस फार होता, पानशेत फुटल्यासारखा, आणि गौरी बसल्या होत्या. सिस्टरांनी त्याच्या नावापुढे वहीत ‘गौरी’ असं लिहिलं. त्या वर्षापासून तो एकटा गौरींच्या सुट्टीनंतर शाळा उघडली की पुढे यायचा, आणि आई त्याच्यासाठी एक लाडू वेगळा ठेवायची. ती वही मी पाहिली आहे. त्यात पुढे ‘ईदनंतर चार दिवस’ आणि ‘आळंदीची पालखी पुण्यात होती तेव्हा’ अशाही नोंदी झाल्या.

ती शाळा आता नाही. इमारत आहे, मराठी वर्ग नाहीत. बंद कुणा सरकारनं केले नाहीत, आमच्याच लोकांनी केले. धर्मग्रामाच्या सभेत माझा सख्खा दादा उठून म्हणाला, मराठीत शिकून आपली पोरं वॉचमन होणार का? मी विरोधात बोलले. दादाला आजही वाटतं की मी भावनेच्या भरात बोलले. दादा, फादर स्टीफन्सनं १६१६ मध्ये ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत छापली, तो तर जन्मानं इंग्रज होता. त्याला मराठी कमीपणाची वाटली नाही आणि तुला वाटली. तुझ्या नातवाला आईच्या प्रार्थनेच्या पुस्तकातली एक ओळ वाचता येत नाही. इंग्रजी आलं, चांगलंच झालं, पण त्यासाठी मराठी वर्गांना कुलूप लावायची गरज नव्हती. इंग्रजी विषय म्हणून उत्तम शिकवणारी एक बाई नेमली असती तरी भागलं असतं.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर घाला. धर्मशिक्षणाच्या तासाला कॅथॉलिक मुलं जातात, बाकीच्यांना त्या वेळी नीतिशिक्षण असतं. अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, घटनेचं कलम २८ आहे. सकाळची प्रार्थना मात्र असते, ती खपत नसेल तर दुसरी शाळा बघा. मूल्यं विचारलीत, पण ती माहितीपत्रकात शोधू नका. सकाळी शाळा भरताना फाटकापाशी उभ्या राहा आणि उशिरा आलेल्या पोराशी शिपाई कसा बोलतो ते ऐका.

सगळ्या शाळा आमच्यासारख्या नाहीत, हेही सांगते. काही ठिकाणी मधल्या सुट्टीत मराठी बोललं तर पोरांना ओरडतात. तशी शाळा असेल तर नाव कितीही मोठं असो, घालू नका. २०२० च्या कायद्यानं मराठी विषय सक्तीचा आहे, तो कोण शिकवतं आणि आठवड्याला किती तास, हे आधी विचारा. आणि अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई) २५ टक्के आरक्षण २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं लागू नाही, तेव्हा त्या यादीवर विसंबून राहू नका, थेट शाळेतून अर्ज आणा. अर्जात बाप्तिस्म्याच्या दाखल्याचा रकाना दिसला तर बिचकू नका, तो कॅथॉलिक मुलांसाठी असतो. तुम्ही कोरा सोडा.