तुझ्या स्वभावातली आई

चि. मुलीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. "मी आई म्हणून कमी पडते" हे त्यात पुन्हापुन्हा आलंय आणि दर वेळी पाठोपाठ जाऊबाई. त्या पोरांबरोबर तासन्‌तास लपाछपी खेळतात, बिल्डिंगमधली मुलं त्यांच्याकडे पडीक असतात. तुझं मात्र लेकाचा अर्धा तास दंगा झाला की डोकं भणभणतं, गॅलरीत जाऊन एकटीने बसावंसं वाटतं. मग असं वाटल्याबद्दलच अपराधी वाटत राहतं. सासूबाईंनी "माणूसघाणी आहेस" म्हटलं, ते तुला फार लागलेलं दिसतंय.

तू माणूसघाणी नाहीस. मी तुला शाळेत वर्षानुवर्षं पाहिलंय. गॅदरिंगच्या तालमीत गलका वाढला की तू हळूच वर्गात निघून जायचीस. पण नाटकाचा मागचा पडदा तूच रंगवायचीस, झाडाचं पानन्‌पान वेगळं काढून. त्या वेळी पहिलीतल्या दोघी चिमुरड्या तुझ्याशेजारी बसून ब्रश धुवून देत होत्या. तू त्यांना हाकललं नाहीस आणि मुद्दाम खेळवलंही नाहीस. हातातलं काम करत होतीस, त्यांना करू देत होतीस. मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी त्या उठेनात. मुलांशी तुझं जमतं ते असं. मूल झालं म्हणून माणसाचा मूळ पिंड बदलत नाही, आणि बदलायला हवा असं तुला कुणी पटवलंय ते मला मान्य नाही.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली एक मांडणी केली. "हे मला जमेल" हा भरवसा माणसाला कुठून मिळतो? स्वतः करून जमलेल्या कामांतून, आपल्यासारख्या कुणाला तेच जमताना पाहून, विश्वासातल्या माणसाच्या शब्दांतून आणि त्या घडीला शरीर-मन कसं आहे त्यावरून. यातलं पहिलं सर्वांत बळकट. पण तुझी गाडी दुसऱ्यावर अडलीय. जाऊबाई गुणी आहेत, पण तुझ्यासारख्या नाहीत. त्यांच्याकडे पाहून तू खचणारच. त्यापेक्षा तुझी आई आठव. पालकसभेत ती दोन वाक्यांच्या वर बोलायची नाही, पण तुझ्या वहीत कुठे काय चुकलंय ते तिला माझ्याआधी ठाऊक असायचं. तिने तुझ्याबरोबर लपाछपी खेळली नाही म्हणून तुला कधी काही कमी पडलं का?

आता एक कर. आठवडाभर रात्री झोपण्याआधी दोन-तीन ओळी लिही. आज कधी चिडले, त्याच्या आधी काय चाललं होतं, झोप आणि जेवण कसं झालं, आणि लेकाबरोबरचा कोणता वेळ छान गेला. शेवटची ओळ टाळू नकोस, बाई म्हणून सांगतेय. मला वाटतं, तुझ्या लक्षात येईल की बऱ्याच वेळा तो निमित्त असतो. ऑफिसातून येऊन चप्पल काढते न काढते तोच टीव्ही, कुकर, फोन आणि त्याची हाक सगळं एकदम अंगावर येतं. मग दारातून आल्यावर पंधरा मिनिटं त्याला बाबाने किंवा आजीने सांभाळावं, एवढीच सोय लागते. ती मागताना ओशाळू नकोस.

लेकाचाही पिंड असतोच. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर दांपत्याने १९५६ पासून १३३ मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत अभ्यास केला. काही मुलं जात्याच चळवळी, काही बुजरी, काही चटकन रुळणारी. त्यांना दिसलं ते हे की मुलाचा स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा यांचा मेळ बसला की बरंच सुरळीत होतं. तुमच्या घरी शांत आईला दांडगा लेक मिळालाय, यात दोष कुणाचाच नाही. दंगा मैदानावर, बाबाबरोबर होऊ दे. तुझ्याजवळ त्याला कणकेचा गोळा दे, कुंडीतल्या मुंग्या दाखव, गोष्ट वाच. आणि थकलीस की सरळ सांग, "मी जरा शांत बसते, काटा सहावर आला की येते." काटा सहावर आला की मात्र जायचंच.

एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. शांतता हवीशी वाटणं हा स्वभाव झाला. पण दोन-दोन आठवडे मन उदास राहणं, मूल झोपलं तरी आपल्याला झोप न लागणं, चित्रकलाही नकोशी होणं, जगणं नको वाटणं, हा स्वभाव नव्हे. तसं काही असेल तर लगेच डॉक्टरांना गाठ. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो, आणि तिथे मराठीतही बोलता येतं. मलाही फोन कर, रात्री कितीही वाजता.

राहता राहिला लेकाचा वाढदिवस. हॉल, तीस मुलं आणि डीजे हे सगळ्यांनी ठरवलंय, आणि तुला आतापासून धडकी भरलीय. घरीच कर, त्याच्या जवळच्या सात-आठ मित्रांना बोलाव. खेळ घ्यायची जबाबदारी जाऊबाईंना दे, त्यांचा तो हातखंडा आहे आणि मागितलीस तर त्यांना बरंच वाटेल. तू कागदी थाळ्यांचे वाघ-सिंहांचे मुखवटे करायला घे. डोळ्यांची भोकं आदल्या रात्री तूच कापून ठेव, नाहीतर कात्रीवरून भांडणं होतील. रंगांना मेणखडू आण, म्हणजे सांडलवंड नाही.

तुझ्या,
बाई