ऑफिसातल्या ४० पीसींवर विंडोज ११ एकदम कसं टाकायचं?

तुमचं म्हणणं असं की ऑफिसात ४० पीसी, सगळ्यांवर विंडोज १०, तर एकेकाजवळ पेन ड्राइव्ह घेऊन न बसता ११ टाकता येईल का. येतं की. मी सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलवाल्यांकडे आयटी बघतो, तिकडं हेच केलंय. १४ ऑक्टोबर २०२५ ला १० चा सपोर्ट संपला, त्यामुळं आता टाळून उपयोग नाही.

कमांड एका ओळीची आहे हो, सगळी मेहनत आधीच्या तपासणीत आहे. आयएसओ (विंडोज टाकायची एकच मोठी फाईल) मधल्या सेटअपला ऑटो अपग्रेड, क्वाएट, ईयूएलए (लायसन्सच्या अटी) अ‍ॅक्सेप्ट आणि नो रीबूट एवढे स्विच (कमांडपुढचे पर्याय) लावले की फाईली, टॅली, प्रिंटर जिथल्या तिथं ठेवून तो गुपचूप काम करतो. पण त्याच्या आधी सगळ्या मशीनवर तोच सेटअप 'कॉम्पॅट स्कॅनओन्ली' लावून चालवा, यात काहीच इन्स्टॉल होत नाही, नुसता निकालाचा कोड मिळतो. शेवटी २१० आलं तर पास, २०८ म्हणजे कुठलं तरी सॉफ्टवेअर नाहीतर ड्रायव्हर आडवा येतोय, २०ई म्हणजे सी ड्राइव्हला जागा नाही, आणि २०० म्हणजे मशीनच ११ ला बसत नाही. बॅच फाईलमधे (कमांड लिहिलेली स्क्रिप्ट) हाच पासवाला कोड उणे १०४७५२६८९६ असा दिसतो, बघून घाबरू नका, तो पासच आहे. स्क्रिप्टनं पीसीचं नाव आणि कोड सर्व्हरवरच्या एका फोल्डरमधे लिहायचा, की सकाळी चहा पिता पिता यादी तयार.

डोमेन (सगळे पीसी एका सर्व्हरच्या ताब्यात) असेल तर ग्रुप पॉलिसीतून, म्हणजे सर्व्हरवरून सगळ्यांना एकदम लागणाऱ्या सेटिंगमधून, शेड्युल्ड टास्क सोडा, सिस्टम अकाउंटनं (यूजर नाही, विंडोजचं स्वतःचं खातं) चालणारा. इथं बरेच जण अडकतात, कारण सिस्टम म्हणून चाललं की शेअर फोल्डर यूजरच्या नावानं नाही तर कॉम्प्युटरच्या नावानं उघडतो, म्हणून 'डोमेन कॉम्प्युटर्स' ला रीड द्यायचं आणि निकालाच्या फोल्डरला राईट. होम एडिशनवाले पीसी डोमेनला जोडताच येत नाहीत, ते आधी प्रो करून घ्या. आणि आयएसओ ची भाषा बघा, मशीनवर यूके इंग्लिश आणि आयएसओ यूएस इंग्लिश असेल तर सॉफ्टवेअर राहत नाहीत, नुसत्या फाईली राहतात, मग अकाउंटवाले तुमच्या नावानं शंख करणार.

नेटवर्कचा हिशोब करा. एक आयएसओ पाच-सहा जीबी, ४० मशीननी एकदम ओढलं तर २०० जीबीच्या वर, जुन्या नेटवर्क स्विचवर ऑफिसचं काम बसेल. म्हणून दोन-तीन दिवस आधीच हळूहळू प्रत्येकाच्या डिस्कवर कॉपी करून ठेवा, अपग्रेड तिथूनच चालवा.

तारीख जीएसटी बघून ठरवा. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी ही रिटर्नं असतात, त्या आसपास अकाउंटच्या मशीनला हात लावायचा नाही. आम्ही जानेवारीतल्या गड्ड्याची (सिद्धेश्वर यात्रेची) सुट्टी धरली, ती बरोबर मधे पडते. आधी स्टोअर आणि डिस्पॅचचे चार पीसी, आठवडाभर बघायचं, बारकोड लेबल नीट निघतंय का वगैरे, मग बाकीचे, अकाउंट सगळ्यात शेवटी. नो रीबूट लावल्यामुळं पहिला टप्पा दिवसा होतो, रीबूट मात्र यूपीएस आणि जनरेटर दोन्ही शाबूत असतील तेव्हाच द्या. वळवाच्या पावसात लाईटचा भरवसा काय ते सोलापूरकरांना सांगायला नको.

जे २०० आले, म्हणजे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नाही किंवा इंटेल आठव्या जनरेशनच्या आधीचे, त्यांना रजिस्ट्रीची जुगाडं करून ११ टाकायच्या भानगडीत मी पडत नाही. मालकाला सरळ यादी द्या, नवीन घ्या नाहीतर पैसे भरून १० चेच एक्स्टेंडेड (मुदतवाढीचे) अपडेट घ्या, ते पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि दरवर्षी दुप्पट, त्यामुळं मालक स्वतःच नवीन पीसीचं कोटेशन मागतो. ३२ बिट विंडोज असलेले जुने डबे कारखान्यात निघतातच, ११ फक्त ६४ बिटमधे येतं, त्यामुळं त्यांना कोरं इन्स्टॉलच.

अपग्रेड झाल्यावर मागं जायला १० दिवस मिळतात, विंडोजमधल्याच डिझम (DISM) कमांडनं ते ६० करता येतात, पण ते १० संपायच्या आत करायचं. तोवर कुणाला डिस्क क्लीनअप मारू देऊ नका, विंडोज डॉट ओल्ड (जुन्या विंडोजचा फोल्डर) उडालं की परतीचा रस्ता बंद.