एमओएफची (धातूचे पुंजके सेंद्रिय दुव्यांनी जोडून बनलेल्या, अतिसूक्ष्म छिद्रांच्या पदार्थांची) भुकटी थेट अधिशोषण स्तंभात, म्हणजे वायू छिद्रांत पकडून वेगळा करणाऱ्या नळकांड्यात, का भरत नाहीत? गोळ्या का कराव्या लागतात?

भुकटी फार बारीक असते. स्तंभात ती दाटून बसते, वायू पुढे ढकलायला खूप दाब लागतो आणि कण उडून व्हॉल्व्हमध्ये अडकतात. म्हणून गोळ्या, मणी किंवा कांड्या.

खरी अडचण त्या बनवण्यात आहे. झिओलाइट या छिद्रयुक्त खनिजाच्या गोळ्या मातीचा बंधक (कण चिकटवून धरणारा पदार्थ) घालून भट्टीत पक्क्या करता येतात. एमओएफमधले सेंद्रिय दुवे तेवढ्या तापमानाला टिकतच नाहीत. नुसत्या दाबाने गोळी करायची, तर एमओएफ-५ सारख्या नाजूक पदार्थाची छिद्रे ढासळतात. यूआयओ-६६ हे दुसरे एमओएफ बरेच जास्त सोसते, कारण त्यातला झिर्कोनियमचा प्रत्येक पुंजका बारा दुव्यांनी बांधलेला असतो. बंधकाने मजबुती येते, पण तो वजन वाढवतो आणि कधी छिद्रांची तोंडेच बुजवतो. कार्बन डायऑक्साइड पकडणाऱ्या, जस्तापासून बनलेल्या कॅल्फ-२० या एमओएफसाठी पॉलिसल्फोन हा बहुलक बंधक म्हणून वापरला आहे, वजनाने सुमारे २० टक्के. हे मला फार आश्वासक वाटते.

निवड करताना भुकटीच्या प्रतिग्रॅम पृष्ठफळावर जाऊ नका. तयार गोळीची प्रतिघनमीटर क्षमता, चुरा होण्याचे प्रमाण आणि दमट वायूतली कामगिरी मागा.