ठेव मोडण्याआधी केसपेपर काढा

भांडुपच्या 27 वर्षांच्या एका वाचकाचं पत्र आहे. हातात पगार 42 हजार, घरी 15 हजार देतात, 5 हजारांची एसआयपी आणि 1 लाख 60 हजारांची मुदत ठेव. केस गळतायत, वडिलांनाही टक्कल आहे, घरात स्थळं बघायला सुरुवात झालीय. अंधेरीतल्या एका क्लिनिकने हेअर ट्रान्सप्लांट सुचवलंय. ठेव मोडू की ईएमआयवर करू, असं ते विचारतायत.

कोटेशनचा फोटो जोडलात ते बरं केलंत. 2,500 ग्राफ्ट (म्हणजे मुळासकट काढून दुसरीकडे लावायचे केसांचे पुंजके), एका ग्राफ्टचे 50 रुपये, एकूण 1 लाख 25 हजार. खाली बारीक अक्षरात 'जीएसटी वेगळा' आणि कोपऱ्यात लाल पेनाने 'आज बुकिंग केल्यास सूट'. एरवी उपचारांवर जीएसटी नसतो, पण सौंदर्यासाठी केलेल्या ट्रान्सप्लांटला ती सवलत नाही. म्हणजे जीएसटी धरला की आकडा सव्वा लाखाच्याही वर जातो. आरोग्य विम्यातून यातलं काही मिळणार नाही. ठेव मोडलीत तर फारसं काही उरणार नाही, त्यातूनही मुदतीआधी मोडल्याचा दंड जाईल.

पण मी अडखळले ते पत्रातल्या एका अर्ध्या ओळीपाशी: 'ऑगस्टमध्ये डेंग्यू झाला होता.' आणि केस मुठीने हातात यायला लागले ते ऑक्टोबरअखेरीस. मी डॉक्टर नाही. तरी मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी अशी गळती सुरू होते आणि बहुतेकांची काही महिन्यांत आपोआप थांबते, एवढं मला माहीत आहे. क्लिनिकमध्ये हे कुणी विचारलं का? तुमच्याच शब्दांत, काउन्सेलर मॅडमनी डोक्याचे फोटो काढले आणि ग्राफ्टचा आकडा लिहून दिला. डॉक्टर भेटलेच नाहीत. ज्या दुखण्याचं निदानच झालेलं नाही, त्यावर सव्वा लाखाहून जास्त पैसे लावू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी त्वचारोगतज्ज्ञ गाठा. सायन किंवा केईएम या पालिका रुग्णालयांच्या त्वचा विभागाच्या ओपीडीत केसपेपर काढायला अगदी थोडे पैसे लागतात. रांगेत सकाळ जाईल, ती जाऊ द्या. खासगी डॉक्टर हवे असतील तर मुलुंड-भांडुपमध्येच बघा, कारण या उपचारात पुन्हा पुन्हा जावं लागतं. त्यांची पदवी विचारा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारा. ट्रान्सप्लांट प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्ये स्पष्ट केलंय.

गळती आनुवंशिक निघाली तरी सहसा सुरुवात औषधांनीच होते. मिनॉक्सिडिलसारख्या औषधाचा गुण दिसायला चार-सहा महिने लागतात आणि ते थांबवलं की केस पुन्हा विरळ होतात. म्हणजे हा खर्च दरमहाचा आहे. महिन्याला दीड हजार धरा, वर्षाचे 18 हजार. ट्रान्सप्लांट केल्यावर हा खर्च सुटतो, असं समजू नका. लावलेले केस टिकतात, पण शेजारचे मूळचे केस गळत राहू शकतात, म्हणून औषध बहुधा चालूच ठेवावं लागतं. आणि लग्नासाठी घाई करत असाल, तर लावलेले केस आधी गळतात आणि पूर्ण दिसायला वर्षभर लागतं, हेही लक्षात घ्या.

ईएमआयला माझा ठाम नकार आहे. त्यात फायनान्स कंपनी सगळे पैसे क्लिनिकला सुरुवातीलाच देते. काम मनासारखं झालं नाही तरी हप्ते तुमच्या खात्यातून जातच राहतात.

ठेव तशीच राहू दे. घरखर्चाला तुमचा हातभार आहे, आणि डेंग्यूसारखं आजारपण पुन्हा आलं तर हेच पैसे कामी येतील. तपासणीचे कागद हातात आले की मला पाठवा. डॉक्टरांनी ट्रान्सप्लांटच सांगितलं, तर महिन्याला 6 हजारांचं आवर्ती खातं उघडू. दोन वर्षांत 1 लाख 44 हजार आणि वर व्याज जमेल.